सातनंतर खोक्याला हात नको

आदरणीय काकूंस,

चेन्नईहून शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून फक्त तुमच्या हाती देता आले असते, परंतु ते मी मुद्दाम सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आभाराचा शब्द काढला की तुम्ही चहाचे आधण ठेवायला आत निघून जाता, हे गेल्या नऊ वर्षांत मी अनेकदा पाहिले आहे. नागपूर स्थानकावर निरोप घेतानाही तुम्ही मला बोलू दिले नाही आणि गाडी हलेपर्यंत आमच्या पाण्याच्या बाटल्या मोजत राहिलात. शिवाय मनीषनगरातल्या आपल्या इमारतीतून आणि आसपासच्या गल्ल्यांतून दर उन्हाळ्यात बदलीपायी कोणाचे ना कोणाचे बिऱ्हाड उठते. त्या घरांनाही तुमची रीत कळावी, असे मला मनापासून वाटते.

बढतीबरोबर सौभाग्यवतींची बदली चेन्नईला झाली आणि बँकेच्या आदेशाप्रमाणे त्यांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच रुजू व्हावे लागले. मागे राहिलो मी, चौऱ्याहत्तर वर्षांची आई, आठवीत जाणारी मुलगी आणि तिसरीत जाणारा मुलगा. माझे काम घरूनच चालत असल्यामुळे घर हलवण्याची जबाबदारी मी आपण होऊन घेतली होती. सहा आठवडे हाताशी होते आणि सर्वांत जास्त वस्तू स्वयंपाकघरात आहेत, म्हणून आधी तेच बांधून मोकळे व्हावे, असे मी ठरवले. पहिल्या रविवारी डबे, पातेली, परात, खलबत्ता, सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून मी खोक्यांत भरले, जेवणाच्या टेबलाचे पाय काढून ठेवले, आणि त्या रात्री मुलांनी उभ्याउभ्याच बिस्किटे खाल्ली. आई काही न बोलता नुसते दूध पिऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कोथिंबीर मागायला वर आलात. तुमच्या तोंडी ती 'सांबार' असते आणि माझ्या मुलांच्याही तोंडी ती तुमच्यामुळेच सांबार झाली आहे. दारातूनच तुम्ही खोक्यांच्या त्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणालात, "अरे, हे काय करून राहिला बापा? चूल आधी बांधते का कोणी?" त्यानंतर एक शब्दही न बोलता तुम्ही जमिनीवर बसलात, तीन खोकी फोडलीत, कुकर बाहेर काढलात आणि आईला हाक मारून डाळ-तांदूळ धुवायला सांगितलेत. त्या रात्री आम्ही वरण-भात जेवलो. ती तीन खोकी मी आदल्या दिवशी चार तास राबून भरली होती, तरीही ती उघडली गेल्याचे मला अजिबात वाईट वाटले नाही, उलट हायसे वाटले. त्याच रात्री तुम्ही आम्हाला दोन नियम घालून दिलेत. स्वयंपाकघर सर्वांत शेवटी बांधायचे आणि नव्या घरी सर्वांत आधी सोडायचे, हा पहिला. दुसरा असा की दिवेलागणीनंतर, म्हणजे संध्याकाळी सातनंतर, कोणीही खोक्याला हात लावायचा नाही. मुलांनी अभ्यासाला किंवा खेळायला बसायचे आणि नवाच्या आत घरातल्या सगळ्यांनी एकत्र पान मांडून जेवायचे.

हा दुसरा नियम मला सुरुवातीला परवडणारा वाटला नव्हता, हे आज कबूल करतो. कामे इतकी पडली होती की रात्री दोनपर्यंत जागलो तरी ती पुरी होतील की नाही याची शंका होती. परंतु पहिल्या आठवड्यातच मुलाचे रात्री दचकून उठणे थांबले. पाच दिवस न बोलणारी मुलगी वरणाला फोडणी घालता घालता नव्या शाळेविषयी विचारू लागली. तेव्हा मला उमगले की मी घर हलवण्याच्या नादात घरच मोडायला निघालो होतो आणि तुम्ही ते रोज संध्याकाळी सात वाजता पुन्हा उभे करत होता.

तुमचे हे शहाणपण कुठून आले, ते आईला तुम्ही गच्चीवर सांगितलेत तेव्हा मी ऐकत होतो. काका रेल्वेत होते. नागपूर विभाग आग्नेय रेल्वेत होता त्या काळात, म्हणजे 2003 साली बिलासपूरचे नवे रेल्वे क्षेत्र (झोन) होण्याआधी, बदली होऊ शकत होती ती थेट बंगालमधल्या खरगपूरपर्यंत. गोंदिया, नैनपूर, खरगपूर आणि पुन्हा नागपूर अशी बिऱ्हाडे तुम्ही दोन लहान मुलांसह हलवलीत. नैनपूरला तुम्ही पोचलात आणि स्टोव्हचे खोके मागेच राहिले होते. तेव्हा तिथल्या शेजारणीने दिलेल्या गरम भाकरीचा उल्लेख करताना इतक्या वर्षांनंतरही तुमचा आवाज जड झाला. तुमचा पहिला नियम त्या भाकरीतून आला आहे, असे मला वाटते.

खरगपूरनेच आमचा कूलरही सोडवला. नागपूरकराला कूलर सोडून जायचे म्हणजे जिवावर येते. टाकी रंगवून, नव्या ताट्या बसवून मी तो सामानाच्या यादीत सर्वांत वर लिहिला होता. तुम्ही तो शांतपणे खोडलात आणि सांगितलेत की कूलर गार करतो तो पाण्याची वाफ होताना, आणि वाफ होण्यासाठी हवा आपल्याकडच्यासारखी कोरडी लागते. बंगालच्या दमट उन्हाळ्यात तुम्ही हौसेने लावलेल्या कूलरने घर थंड झाले नाही, फक्त गाद्या ओलसर झाल्या. समुद्राकाठच्या चेन्नईतही तेच झाले असते. आज इथे अंगावरचा घाम वाळत नाही तेव्हा तुमचे ते बोलणे पटते. कूलर तळमजल्यावरच्या चौकीदारदादांच्या खोलीत तुमच्या देखरेखीखाली चालू आहे, हे ऐकून समाधान वाटले.

आता आईविषयी लिहितो, कारण सर्वांत मोठे ऋण तिथले आहे. तिचा जन्म नागपूरच्याच महाल या जुन्या वस्तीतला, सगळे आयुष्य नागपुरात गेले, अनुदानित शाळेत तिने इतिहास शिकवला. या वयात भाषा न कळणाऱ्या गावी जाण्याची तिला धास्ती होती आणि ती बोलून दाखवत नव्हती. मी तिला समजावत राहिलो. तुम्ही समजावले नाही, कामाला लावले. घरात खोकी पसरलेली असताना तुम्ही मुगाची डाळ भिजत घातलीत आणि "या वर्षी वाळवण चुकवायचं नाही, तिकडे मूगवड्या कुठून आणाल?" असे म्हणून तिला पहाटे साडेपाचला गच्चीवर घेऊन गेलात. जुन्या धोतराच्या कापडावर दोघी ओळीने वड्या घालत होता आणि खरगपूरच्या रेल्वे वसाहतीत तमिळ शेजारणीकडून तुम्ही शिकलेले आकडे आईकडून म्हणवून घेत होता: ओन्नु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु. भाषा येत नसेल तर आधी आकडे शिकावेत, म्हणजे भाजीवालीसमोर माणूस मुका राहत नाही, हे तुमचे म्हणणे. चौथ्या दिवशी आई पत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, न अडखळता पोचली आणि पाचव्या दिवशी तिने नातवाची शिकवणी घेतली. जन्मभर शिकवत आलेल्या बाईला तुम्ही पुन्हा शिकायला बसवलेत.

पुढे त्याच गच्चीवर एकदा तंजावरचा विषय निघाला. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिथे गादीवर बसले आणि तिथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, हे तिने वर्गात कितीतरी वेळा सांगितले होते. तुम्ही सहज म्हणालात, "मग आपली अक्षरं तिथे आधीच पोचली आहेत की." आईने लगेच, नागपूरकर भोसल्यांची शाखा वेगळी आणि तंजावरची वेगळी, अशी दुरुस्ती केली, परंतु त्या संध्याकाळी तिने स्वतःहून आपली पुस्तके बांधायला घेतली. तो लेख प्रत्यक्ष पाहायचा हा तिचा हट्ट आता घरात रोज ऐकू येतो.

तिच्या निवृत्तिवेतनाची काळजीही तुम्हीच दूर केलीत. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला देण्यासाठी दरवर्षी नागपूरला यावे लागेल, या विचाराने ती हैराण झाली होती. 2014 साली सुरू झालेल्या जीवन प्रमाण सेवेतून तुम्ही स्वतः तो मोबाइलवर चेहरा दाखवून देता. तुम्ही तिला तो कसा देता ते दाखवलेत आणि लागणारे आकडे एका पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेत. ते कार्ड तिच्या पोथीत आहे.

बाकीच्या धावपळीबद्दल फार लिहीत नाही. शाळेतून टीसी मिळवणे, परिवहन कार्यालयातून स्कूटरचे ना हरकत प्रमाणपत्र काढणे, त्यासाठी पेन्सिल घासून चेसिस क्रमांकाचा ठसा घेणे, यांत जे दिवस गेले त्या प्रत्येक दिवशी मुले दुपारी तुमच्याकडे जेवली, एवढे नोंदवणे पुरे आहे. मुलांना तुम्ही एकेक रिकामे खोके दिलेत आणि आम्हाला बजावलेत की त्यात काय भरले हे कोणीही विचारायचे नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि इथल्या जूनच्या सुरुवातीलाच. सुटीचे तीन आठवडे बुडाल्याचे दुःख मुलाने बहुधा त्या खोक्यातच भरून आणले. खोके त्याच्या पलंगाखाली आहे. आम्ही अजून विचारलेले नाही.

सामान नेणाऱ्यांचा दिवस मात्र मी विसरणार नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधी सामान हलवा, या तुमच्या सांगण्यावरून आम्ही 24 मे ठरवला होता. तुमच्या सूचनेप्रमाणे खोक्यांचे क्रमांक वर न घालता दोन बाजूंना घातले होते, कारण एकावर एक रचल्यावर वरचा आकडा दिसत नाही. 43 खोक्यांची यादी वहीत होती. अर्धे सामान ट्रकमध्ये चढल्यावर मुकादमाने दुसऱ्या मजल्याचे आणि लिफ्ट नसल्याचे जादा पैसे मागितले आणि काम थांबवले. मी पैसे द्यायला निघालो होतो. तुम्ही आधी उन्हातून आलेल्या चारही हमालांना कैरीचे पन्हे दिलेत, मग वही उघडलीत आणि ठरावाच्या कागदावर तुम्ही माझ्याकडून आग्रहाने लिहून घेतलेले "दुसरा मजला, लिफ्ट नाही" हे शब्द त्याला वाचून दाखवलेत. आवाज चढवला नाहीत. तो गप्प झाला आणि काम पुढे सुरू झाले. हमालांचा त्यात दोष नव्हता, हे तुम्ही मला नंतर सांगितलेत आणि प्रत्येकाच्या हातावर वेगळे पैसे ठेवायला लावलेत.

शेवटचे तीन दिवस आमच्या घरी चूल नव्हती, कारण गावाबाहेर जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्यावा लागतो. ते तीन दिवस आम्ही चौघे दोन्ही वेळा तुमच्या स्वयंपाकघरात जेवलो. गोळाभातावर तेल ओढून घेताना आईने तुम्हाला प्रथमच एकेरीत हाक मारली. ती हाक मी ऐकली आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

गाडीत तुमच्या दशम्या आणि तिळाची चटणी दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रल येईपर्यंत पुरली. ट्रक दोन दिवसांनी आला. खोके क्रमांक 1, 2 आणि 3 आधी फोडली, त्यांत कुकर, पोळपाट आणि दादरा बांधलेली तुमची लोणच्याची बरणी होती. एक थेंब तेल सांडले नव्हते. त्या संध्याकाळी सात वाजता सौभाग्यवतींनी हातातली कात्री खाली ठेवायला लावली. हा नियम मी त्यांना फोनवर सांगितला होता, परंतु त्या तो पाळतील असे वाटले नव्हते. मूगवड्यांची भाजी झाली आणि सहा आठवड्यांनंतर आम्ही पाचही जण एका पंगतीला बसलो.

काकू, या सहा आठवड्यांत माझ्या आईला धीर दिल्याबद्दल, मुलांचे घर शेवटच्या दिवसापर्यंत घर ठेवल्याबद्दल आणि मला वेळेवर थांबवल्याबद्दल मी तुमचा अत्यंत ऋणी आहे.

एक विचारायचे राहिले. इथल्या दमट हवेने उरलेल्या मूगवड्या सर्द पडू लागल्या आहेत. आई त्यांना रोज गच्चीवर ऊन दाखवते आणि खाली आणताना मोजून आणते, तरी त्या पुरत्या कडक होत नाहीत. त्या मंद आचेवर परतून ठेवाव्यात की डब्यात आणखी काही घालावे, ते तुम्ही तिला फोनवर सांगावे. ती तुमच्या फोनची वाट पाहत असते. बरणी दिवाळीत घेऊन येतो.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा