जीर्णोद्धार की रंगपंचमी?

महोदय,

कालच्या पुरवणीतला हेमाडपंती देवळांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख. मात्र दिसेल ते काळ्या दगडाचे देऊळ हेमाद्रिपंतांच्या नावावर चढवायची आपली सवय काही सुटत नाही. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्रिपंत यादवांचे कारभारी झाले ते त्यानंतर दोनशे वर्षांनी. जन्माआधीच कामे उरकणारा कारभारी आमच्याही तालुक्याला लाभो.

ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन वारसा जपावा, असे लेखकाने शेवटी सुचवले आहे. आमच्यांनी घेतला. गावाचे नाव लिहीत नाही, मला इथेच राहायचे आहे.

चुन्याशिवाय, दगडाच्या खाचेत दगड बसवून उभे केलेले आमचे महादेवाचे देऊळ श्रावणाच्या तोंडावर ऑइलपेंटने रंगवले. खांब गुलाबी, कीर्तिमुख पोपटी. गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या टाइल्स. पावसाळ्यात मुरलेली ओल पूर्वी वाऱ्याने वाळायची. आता ती रंगाखाली कोंडते आणि पापुद्रे सुटतात, तेही दगडासकट.

पण माझे खरे दुखणे वीरगळाचे आहे. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला हा कोरीव दगड, देवळाच्या डाव्या अंगाला पुरुषभर उंचीचा. माथ्यावर चंद्र-सूर्य, त्याखाली शिवपूजा करणारा वीर, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, मग लढाई आणि अगदी तळाला गाई. गाई सोडवताना तो पडला, हे त्या तळच्या चौकटीवरूनच कळायचे. तीस वर्षे मी सातवीची पोरे त्याच्यापुढे बसवून चित्रे काढून घेतली. आता अंगणात पेव्हर ब्लॉक आले आणि गाई सिमेंटखाली गेल्या. वीर कशासाठी मेला, ते गवंड्याला ठाऊक. अप्सरांना मात्र हिरवी नऊवारी आणि लाल टिकली मिळाली आहे.

रंगारी माझाच विद्यार्थी. जाब विचारला तर म्हणाला, "सर, रेषेबाहेर रंग जाऊ द्यायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत." खरे आहे. एक ठिपका बाहेर गेलेला नाही.

आता समितीला उपरती झाली असून यंत्राने वाळूचा मारा करून रंग उडवायचे घाटते आहे. रंगाबरोबर अप्सरांची नाकेही उडतील, हे सांगायला गेलो तर "सर, तुमची वर्गणी किती?" असे विचारले. कायदा आहे तो संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंसाठी. आमचे देऊळ कुठल्याच यादीत नाही. लेखक महाशयांनी वाळूची गाडी यायच्या आत एकदा येऊन समितीशी बोलावे. जेवणाची सोय माझ्याकडे.

जाता जाता : या रंगकामाच्या उद्घाटनाचा फोटो आपल्याच दैनिकात 'मंदिराला गतवैभव' या मथळ्याखाली चार कॉलम आला होता. तेव्हा पाठवलेल्या माझ्या पत्राला चार ओळींची जागा मिळाली नाही. हे छापणार असाल तर 'वीरगळ'मधला 'वी' दीर्घ ठेवावा. काल दोन्ही ठिकाणी ऱ्हस्व होता.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक