कंदील, केरसुणी आणि चार मेणबत्त्या

मुंबई,
मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा,
शुक्रवार, 5 डिसेंबर 2025

चि. सौ. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू एक वाक्य बोललीस, त्यावर मी तेव्हा काहीच म्हणालो नाही. "बाबा, यंदा चंपाषष्ठी साफ विसरले, आणि नाताळाआधीचे ॲडव्हेंटचे कडे मात्र आठवणीने आणले," असे तू म्हणालीस, आणि तुझा आवाज परीक्षेत नापास झाल्याचे सांगताना व्हायचा तसा झाला होता. फोनवर मला नीट बोलता येत नाही, मध्येच पिल्लू पडद्यासमोर येऊन दात दाखवते आणि विषय राहून जातो, म्हणून जर्मनीला हे पत्र.

प्रथम चंपाषष्ठीचे. ती आपल्या घराण्याची नव्हेच. तुझ्या आजीच्या रत्नागिरीकडच्या माहेरी किंवा सासरी वांग्याच्या भरिताचा आणि भाकरीचा नैवेद्य कोणी दाखवल्याचे मला आठवत नाही. तो कुळाचार तुझ्या आईने सासवडहून लग्नात सोबत आणला, आजीने पहिल्या वर्षी भुवया उंचावल्या आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच भाजीवाल्याकडून भरताची वांगी पारखून आणली. तू ज्याला 'आपल्याकडचे' म्हणतेस त्यातले निम्मे असेच कोणा ना कोणाच्या बोटाला धरून घरात आले आहे.

आजी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली तेव्हा तिच्या दृष्टीने तोही परदेशच होता. शिमग्याला अंगणात येणारी पालखी गेली, भाताची खाचरे गेली, गौरीच्या पूजेला परसातून खुडून आणायची पाने विकत घ्यावी लागू लागली. पहिली दोन वर्षे शिमगा आला की ती गॅलरीत उभी राहून रडायची, असे तिनेच मला सांगितले होते. मग शेजारच्या साताऱ्याकडच्या काकूंनी तिला भोंडल्याला नेले. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा आणि खिरापत ओळखायची, हा प्रकार तिने तोपर्यंत पाहिलाच नव्हता. पुढे तिची खिरापत ओळखणे चाळीत कोणाला जमत नसे, कारण ती डब्यात अळूवडी ठेवून वरून साखर भुरभुरवत असे. तू लहानपणी ज्या भोंडल्याला गेलीस आणि ज्याची आठवण काढून आता तिकडे हळहळतेस, तो आजीने मुंबईत शिकलेला भोंडला होता.

त्याच चाळीपासून पाच मिनिटांवर खोताची वाडी. तिथल्या एका ख्रिस्ती बाईंशी आजीची मैत्री जमली ती नेवरीवरून. दिवाळीत आजीने करंज्यांचे ताट पाठवले, आणि रिकामे ताट परत करायचे नाही या रिवाजाने ते नाताळात भरून आले, तर त्यातही करंज्याच. त्या त्यांना नेवऱ्या म्हणत, आणि आजीही माहेरी नेवऱ्याच म्हणत असे. सोबत कलकल होते, ते आजीला शंकरपाळ्याच्या वळणाचे वाटले. त्यानंतर ते ताट जवळजवळ 30 वर्षे फिरत राहिले. आमच्या गॅलरीतला आकाशकंदील उतरून माळ्यावर जाईपर्यंत वाडीतल्या घरांवर कागदी चांदण्या लागायच्या, आणि आम्हां मुलांना दिवाळी संपल्याचे दुःख फार दिवस पुरत नसे.

आता तुझ्या मेणबत्त्या. हिरव्या कड्यावर चार मेणबत्त्या ठेवून नाताळापूर्वीच्या चार रविवारी एकेक वाढवत लावायची ही पद्धत मला तू सांगितलीस तेव्हाच आवडली होती, म्हणून मी तिच्याविषयी थोडे वाचले. हॅम्बुर्गमध्ये अनाथ आणि गरीब मुलांची संस्था चालवणाऱ्या योहान हिनरिख विखेर्न नावाच्या पाद्र्याने 1839 साली ती सुरू केली. मुले रोज विचारून भंडावत की नाताळ कधी, म्हणून त्याने गाडीच्या जुन्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर वारांच्या लहान मेणबत्त्या बसवल्या. म्हणजे तुमच्या शेजारणीला जे अनादी वाटते ते दोनशे वर्षांचेही नाही. आमच्याकडे गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला सार्वजनिक गणपती 1893 सालचा, आणि तोही आम्हांला सृष्टीच्या आरंभापासून असल्यासारखा वाटतो.

गंमत अशी की यंदा मार्गशीर्षातही चारच गुरुवार आहेत. 27 नोव्हेंबरला तुझ्या आईने पहिला घट मांडला आणि 30 तारखेला तुम्ही पहिली मेणबत्ती लावली. काल दुसरा गुरुवार आणि दत्तजयंती एकाच दिवशी आल्याने घरात सुंठवडाही होता आणि खीरही, आणि दोन्ही खाऊन मला रात्री ओवा घ्यावा लागला. तिकडे रविवार, इकडे गुरुवार. पण वर्षाच्या सर्वांत लहान दिवसांत दर आठवड्याला दिवा लावून दिवस मोजायचे, हे दोन्ही घरांत सारखेच चालले आहे.

कंदिलाचीही तुला उगाच रुखरुख आहे. लक्ष्मीपूजनाला, 21 ऑक्टोबरला, खिडकीत लावलेला आकाशकंदील पिल्लूने 11 नोव्हेंबरला बालवाडीच्या मिरवणुकीत काठीला टांगून नेला, हे तुला देवाचे काम दुसऱ्या देवाला दिल्यासारखे वाटले. मला विचारशील तर तो कंदील मिरवण्यासाठीच केला होता. व्हिडिओवर आपण तो करत होतो तेव्हा कामट्या नाहीत म्हणून तू मांस भाजायच्या बांबूच्या काड्या आणल्यास, त्या इतक्या आखूड निघाल्या की दोन-दोन काड्या दोऱ्याने जोडाव्या लागल्या. खळीऐवजी डिंकाची कांडी वापरलीस म्हणून कोपऱ्यांवरच्या कागदी करंज्या सारख्या सुटत होत्या. आणि पिल्लूने खालच्या झिरमिळ्या एकीकडे सहा आणि दुसरीकडे अकरा लावल्या. एवढे कष्ट घेतलेली वस्तू वर्षातून दोनदा मिरवली तर काय बिघडले? थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणाऱ्या संत मार्टिनच्या नावाने पोरे दिवे घेऊन गाणी म्हणत फिरतात, यात आपल्या कंदिलाला विटाळ होण्यासारखे मला तरी काही दिसत नाही.

उलट तिकडे आल्यावर मला आपलेच सण नव्याने कळले, हे तुला सांगायचे राहून गेले होते. मुंबईत आम्ही दिवाळीला 'थंडी पडली' म्हणतो ते केवळ परंपरा म्हणून. खरे तर ऑक्टोबरच्या घामात तेल-उटणे लावून गरम पाण्याने अंघोळ करणे हा देहदंड असतो. मागच्या वर्षी तुमच्याकडे पहाटे बाहेर धुके, हातापायांची कातडी पांढरी पडलेली, आणि तुझी आई तेल चोळते आहे, तेव्हा माझ्या ध्यानात आले की अभ्यंगस्नान हे कशासाठी असते. तीळगुळाचे तेच. मकर संक्रांतीला आम्ही इकडे पंखा लावून लाडू वळतो. तुमच्या जानेवारीत तो लाडू खरोखर औषध आहे, आणि काळे कपडे तर तिकडे सगळे गाव घालते.

त्याच मुक्कामातली केरसुणीची गोष्ट आठवते ना? लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हवी म्हणून तुझ्या आईने दादरच्या बाजारातून शिंदीची केरसुणी घेतली आणि बॅगेत तिरकी बसवून श्टुटगार्टला नेली. तिला हळद-कुंकू लागले त्याच आठवड्यात तुमच्या दाराला जिना झाडण्याच्या पाळीची पाटी लटकली. त्या पाळीला तिकडे केरवोख म्हणतात आणि त्यातल्या 'केर'चा अर्थ झाडणे, हे कळल्यावर तुझ्या आईने जर्मन ही मराठीचीच पोटभाषा असल्याचे जाहीर केले. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी जिना झाडणारी ती केरसुणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मान डोलावली. तुमच्या भोवतालच्या स्वाबिया प्रांतात द्राक्षमळेवाले थोडे दिवस घरातच खानावळ उघडतात तेव्हा दारावर झाडू टांगतात, हे त्यांच्याकडूनच मला कळले. झाडूचा मान राखणाऱ्या लोकांत तू पडली आहेस, याचे मला समाधान वाटले. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरे आहेत म्हणतात. ठरावात काय लिहिले असेल ते असो, माझ्यापुरता तो करार त्या जिन्यात झाला.

दसऱ्याला तुम्ही श्टुटगार्टमधल्या कानश्टाटच्या जत्रेत होता आणि आपट्याची पाने नव्हती, हेही तू मला दबक्या आवाजात सांगितले होतेस. ती जत्रा कशातून आली हे ठाऊक आहे ना? 1815 साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके बुडाली आणि लोक उपाशी मरू लागले. त्यातून सावरल्यावर व्युर्टेम्बेर्गच्या राजा विल्हेल्मने 1818 साली शेतीला उत्तेजन म्हणून हा सुगीचा उत्सव भरवला. मैदानातला तो फळाफुलांनी मढवलेला उंच खांब त्याचीच खूण. आजी दसऱ्याला दादरहून झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या आणून दाराला बांधायची. ती तो खांब पाहून कशाचा आहे असे विचारत बसली नसती, खाली वाकून नमस्कार करून मोकळी झाली असती.

आणि तो पांढरा श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगसचे कोंब! मे महिन्यात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर त्याच्यासाठी रांगा पाहून मी हसलो होतो, कारण मला त्यात उकडलेल्या दोडक्याहून अधिक काही सापडले नाही. पण 24 जूनला काढणी थांबवायची, पुढच्या वर्षासाठी झाडाला बळ धरू द्यायचे, हा त्यांचा नेम मात्र मनात बसला. आपले कोळी जून-जुलैत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्यातलेच हे शहाणपण. इथे मृग लागला की हापूसची पेटी आणू नये, हे मी तुझ्या आईला दरवर्षी सांगतो; ती आणते, आणि निम्मे आंबे नासके निघतात.

एक तक्रार मात्र आहे. तुमच्या तिकडच्या मंडळींनी यंदा दिवाळी नोव्हेंबरच्या एका शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये केली, कारण त्याआधी हॉल मिळत नव्हता. एकत्र जमावे, जेवावे, मुलांनी नाच करावेत, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तिथीच्या दिवशी घरात, चार माणसांत, एक पणती तरी लाव. सोयीच्या शनिवारी सगळेच ढकलले तर पिल्लूला सण आकाशाकडे पाहून येतो हे कळायचे कसे? तिला अष्टमीचा चंद्र आणि पौर्णिमेचा चंद्र ओळखता येतो का ते मला कळव. मेणबत्तीचा रविवार तुम्ही कधी मंगळवारवर ढकलत नाही, हेही लक्षात घे.

मागच्या खेपेला फराळाचे पार्सल तुळशीचे लग्न उरकल्यावर पोचले आणि चकल्यांचा भुगा झाला होता, म्हणून संक्रांतीचे मी या सोमवारीच रवाना करणार आहे. त्यात पॉलिश न केलेले तीळ एक किलो, चिक्कीचा गूळ, आणि पिल्लूसाठी हलव्याचे दागिने आहेत. दागिने पुठ्ठ्याच्या वेगळ्या डब्यात आहेत, तो उभा ठेवू नकोस. सोबत घोटीव पतंगी कागदाचे बारा ताव आणि सोललेल्या कामट्यांची एक जुडी ठेवतो आहे, म्हणजे पुढच्या कंदिलाला काड्या जोडाव्या लागणार नाहीत. खालच्या आजीबाईंना तिळाच्या चार वड्या दे आणि ताट त्यांच्याकडेच राहू दे.

परवा तिसरी नव्हे, दुसरी मेणबत्ती. मी मोजतो आहे. तुमच्या चार वाजता, म्हणजे आमच्या साडेआठला, फोन लाव. तोवर तिकडे अंधारू लागलेले असेल आणि आमची जेवणे व्हायची असतील. जावईबापूंना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझे,
बाबा