वाचनालयात बोलायला एक खोली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका वाचनालयाच्या व्हरांड्यातून आम्हा चौघांना उठावं लागलं. तिथला शिपाई हात जोडून म्हणाला, "मामा, आत पोरं परीक्षेचा अभ्यास करतायत, तुमचा आवाज आत जातोय." त्याची चूक नाही आणि पोरांची तर नाहीच. घरात दहा बाय दहाची खोली असल्यावर ती पोरं दुसरीकडे जाणार तरी कुठं? पण आम्ही तरी कुठं जायचं, हे विचारायला हे पत्र लिहितोय.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात ३८ वर्षं माग चालवला. धोट्याच्या मागाची शेड ज्यानं पाहिलीय त्याला ठाऊक आहे, तिथं शेजाऱ्याचा शब्द कानावर पडत नाही. आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. बीम संपला, कांडी दे, धागा तुटला, एवढंच. खरं बोलणं व्हायचं चहाच्या पंधरा मिनिटांत. घरातली तेलुगू, शाळेतली मराठी, बाजारातली कन्नड, तिन्ही भाषांत मी तिथं भांडलोय. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्तांच्या, कन्नड वचनांचं मराठी भाषांतर पहिल्यांदा हातात पडलं तेही तिथंच. एका सोबत्याचं पुस्तक होतं, पानापानावर मागाच्या तेलाचे डाग. त्यातलं 'कायकवे कैलास', म्हणजे काम हाच कैलास, हे वचन मी इतकी वर्षं उराशी धरून जगलो.

आता आमच्या रविवारच्या बैठकीत मी, निवृत्त झालेले एक गुरुजी, विड्या वळणाऱ्या आमच्या शेजारच्या अक्का आणि जेवणाची पार्सलं पोचवणारा एक पंचवीस वर्षांचा पोरगा असतो. हा पोरगा दोन वर्षं पुण्यात होता. तिथलं काम सुटलं आणि एक दिवस हुतात्मा एक्स्प्रेसनं परत आला. त्यानं मला विचारलं, "मामा, काम हाच कैलास असेल तर ज्याचं काम गेलं त्यानं कुठं जायचं?" मला उत्तर आलं नाही. इथल्या मिल बंद पडल्या तेव्हा आमच्या आधीच्या पिढीलाही हाच प्रश्न पडला असेल, पण त्यांना तो असा सरळ कुणी विचारला होता का, कोण जाणे.

गुरुजींनी चोखोबांची आठवण काढली. मंगळवेढा इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. तिथं गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, ते साल १३३८ सांगतात. नामदेव हाडं शोधायला गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन आले, अशी कथा आहे. गुरुजी म्हणाले, "माणसाला वेठीला धरून भिंत बांधून घेतली, त्या कामाला कैलास म्हणाल का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. जे वचन मी आयुष्यभर जपलं त्याला अशी दुसरी बाजू असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी अक्कांच्या दारात बसलो. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि फर्म्यावर कापलेली पानं. पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं आत दुमडायचं, झाली विडी. हात थांबत नाहीत आणि नजर मात्र आमच्याकडे. मी आयदक्की लक्कम्मा या शरण बाईची गोष्ट सांगितली. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एक दिवस त्यानं रोजच्यापेक्षा जास्त आणले, तर लक्कम्मा म्हणाली, एवढी हाव आपल्याला कशाला, जास्तीचे जिथले तिथं टाकून या. पोरगा म्हणाला, "माझा फोन याच्या उलट सांगतो. अजून दोन ऑर्डरी केल्या तर जास्तीचे पैसे." अक्कांनी हातातली विडी खाली ठेवली, तेवढ्या वेळात पहिल्यांदाच. म्हणाल्या, "माझ्या घरात जास्तीचं कधी आलंच नाही. परत काय टाकू?"

यावर दोन तास बोलणं चाललं. आठशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचं वचन, आजचा मोबाईल आणि विडीची मजुरी एकाच दारात येऊन बसली होती. पण अक्कांच्या दारात तिघांपेक्षा जास्त माणसं मावत नाहीत, चौथा रस्त्यावर येतो आणि गाड्या अंगावर. सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसतो तर उन्हाळ्यात दगड रात्री आठलाही पोळतात आणि पावसात बसताच येत नाही. म्हणून व्हरांडा धरला होता.

ज्या गावात आपण राहतो त्या गावात असं बोलणं नवं नाही. जुनं सोन्नलिगे म्हणजे आपलं सोलापूर. सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, इथं तलाव खणत असताना शरणांमधले थोर अल्लमप्रभू आले आणि "तुमचा वड्ड सिद्धराम कुठं आहे?" असं विचारलं, अशी कथा जुन्या कन्नड ग्रंथात आहे. वड्ड म्हणजे दगडमातीचं काम करणारा. आपल्या गुरूला असं म्हटल्यावर खणणाऱ्या माणसांनी चिडून दगड उचलले. मग त्या दोघांचा वाद झाला आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आताच्या बसवकल्याणला, शरणांच्या चर्चासभेत, अनुभवमंटपात गेले. तो वाद मठात किंवा राजवाड्यात झाला नव्हता. खणलेल्या मातीत उभं राहून झाला होता, आणि दगड उचलणारी माणसं तो ऐकत होती. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण लाखोंनी जमतो, पण हे आपण आपल्या पोरांना सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, पाणी रोज येत नाही आणि यांना चर्चेला खोली पाहिजे. पाण्यासाठी मीही घागर घेऊन मोर्चात गेलोय आणि पुढेही जाईन. पण पोटाची चिंता आहे त्यालाच कशासाठी जगायचं हा प्रश्न जास्त छळतो. तो पोरगा रात्री बारा वाजता मला फोन करतो तो पाण्यासाठी नाही.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, अनुदान मिळतं. शहरातल्या अ आणि ब वर्गाच्या वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली बोलण्यासाठी द्यावी, एवढीच विनंती आहे. अभ्यासिकेपासून लांबची, मागची, सामान ठेवायची असली तरी चालेल. वेळ मात्र पाळी सुटल्यानंतरची हवी. साडेसातला कुलूप लागणार असेल तर मागवाला आणि विडीवाली कधीच आत येणार नाहीत. वक्ता नको, हार-तुरे नकोत, माईक तर नकोच. झाडलोट आम्ही करू, चटया आणि चहा आमचा.

कोणत्या संचालक मंडळाला हे पटलं तर आपल्या वृत्तपत्रातून कळवावं. तोवर रविवारी सहाला आम्ही तलावाच्या काठी, किल्ल्याच्या बाजूला बसतो. अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार,
पूर्व भाग, सोलापूर