पुरुषांच्या हाडांचं कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिन आला की जागोजागी बायकांसाठी हाडांच्या तपासणीचे फ्री कॅम्प लागतात, आणि ते लागायलाच पाहिजेत, कारण पाळी गेली की इस्ट्रोजेन (हाडं जपणारं हार्मोन) झपकन खाली येतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. पण पुरुषांचं काय? त्यांची झीज हळूहळू होते म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही, पासष्टी-सत्तरीत मात्र दोघांचा वेग जवळपास सारखाच होतो. खुब्याचं हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण तर पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे.

आमच्या काकांना दम्यासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. पाण्याची बादली उचलताना पाठीत जोरात कळ आली, तर कमरेला पट्टा आणि पेनकिलर देऊन घरी पाठवलं. काकू कधीपासून सांगत होत्या की अहो यांचे पायजमे लांब व्हायला लागलेत, टाचेखाली येतात, पण सगळे म्हणाले वय झालंय आता. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर मणके दबलेले, एक नाही दोन! उंचीच कमी झाली होती, म्हणून पायजमे लांब वाटत होते. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, ती इतकी वर्षं चालू असलेल्या माणसाची हाडं तपासायला हवीत हे काय आज कळलेलं आहे का, मला अजून राग येतो.

आणि कॅम्पमध्ये टाचेला मशीन लावतात त्यावर विसंबून राहू नका, तो फक्त अंदाज असतो. खरी तपासणी डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या खास एक्स-रेची, खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची, त्यातला टी-स्कोर (तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पन्नाशीनंतर नुसतं घसरून मनगट मोडलं तरी ही तपासणी व्हायला पाहिजे, पण प्लास्टर घालतात, काढतात, विषय संपला. मग घरचे नाचणीची भाकरी सुरू करतात, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे हे खरंच, पण मणका दबल्यावर तेवढ्याने भागत नाही, त्यावर औषधं आहेत आणि ती वेळेत सुरू व्हावी लागतात.

२० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या दिवशी आपल्या पेपरात पुरुषांच्या हाडांवर एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञांचा लेख द्यावा, आणि आपल्या भागात डेक्साची सोय कुठे आहे, खर्च किती येतो, तेही छापावं ही विनंती.

– एक वाचक, सांगली