पाडव्याला ड्युटीवर असलेल्या एका एसटी वाहकदादांस

माननीय वाहकदादा यांस,
नमस्कार आणि सलाम.

३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या दुपारी, पनवेलला खेडकडे जाणाऱ्या तुमच्या गाडीत मी पंचाहत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन चढले. त्या दिवशी एकोणतिसावा रोजा होता आणि संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद होती. अब्बांना ईद गावातच हवी होती. मुंबईत आमच्या घराजवळच्या मशिदीत हनफी पंथाच्या पद्धतीने सहा जादा तकबिरींची, म्हणजे 'अल्लाहु अकबर' या घोषांची, नमाज होते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आमच्याकडे पहिल्या रकातीत, म्हणजे नमाजेच्या पहिल्या आवर्तनात, सात आणि दुसरीत पाच. त्या बारा तकबिरी भावांच्या शेजारी उभे राहून म्हणायच्या आणि नमाजेपूर्वी घरातल्या प्रत्येकाचा फितरा, म्हणजे ईदचे दान, गावातल्या गरजूच्या हातावर स्वतः ठेवायचा, एवढाच त्यांचा हट्ट होता.

खरे तर आम्ही एका खाजगी ट्रॅव्हल्सचे आरक्षण केले होते. गर्दी वाढलेली पाहून त्यांनी आदल्या दिवशी भाडे वाढवले, आणि इफ्तारच्या वेळी दोन मिनिटे थांबाल का, असे विचारल्यावर पलीकडचा माणूस हसला. पैशांपेक्षा ते हसणेच मला अधिक लागले.

तुमच्या गाडीत अब्बांचे तिकीट शून्य रुपयांचे होते आणि माझे अर्धे. ते हातात देताना तुम्ही आपणहून विचारलेत, "चाचा, रोजा किती वाजता सुटतो?" अब्बांनी वेळ सांगितली आणि तुम्ही ती पेनने स्वतःच्या तळहातावर लिहून घेतलीत. दादा, हे पत्र त्या तळहातासाठी आहे. जागा पुष्कळ लोक देतात, पाणीही देतात. पण दुसऱ्याच्या उपासाची वेळ स्वतःच्या कामाच्या वेळांमध्ये लिहून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

माणगावच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल नवे काय लिहावे! हॉटेल गाठणे अशक्य झाले. तेवढ्यात तुमच्या घरून फोन आला आणि तुम्ही म्हणालात, "माझी वाट बघू नका, गुढी उतरवून घ्या." सूर्यास्ताला तुमची गुढी उतरते आणि त्याच सूर्यास्ताला आमचा रोजा सुटतो, हे इतकी वर्षे शेजारी राहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. सणाच्या दिवशी घरापासून दूर असलेले तुम्ही उभ्या प्रवाशांतून वाट काढत आमच्या आसनापाशी आलात, तळहात पुढे केलात आणि म्हणालात, "झाली वेळ, चाचा." अब्बांनी पहिला खजूर तोंडात टाकला आणि दुसरा तुम्हाला दिला, तुम्ही तो उभ्याउभ्याच खाल्लात. पुढच्या बाकावरच्या आजींनी पिशवीतून पाडव्याची पुरणपोळी काढून आम्हाला दिली, ती बहुधा तुमच्याकडे पाहूनच.

चंद्र दिसल्याचा फोन गाडीतच आला. खेडच्या भरणे नाक्यावर तुम्ही अब्बांना हाताला धरून उतरवलेत. सकाळी फितरा वेळेत दिला गेला, अब्बा भावांच्या मधोमध नमाजेला उभे राहिले, आणि शिरखुर्मा व सांदणांवर बसलेल्या नातवंडांना त्यांनी नमाजेपेक्षा तुमचीच हकिकत जास्त सांगितली.

आगाराला लेखी कळवावे म्हणून तुमचा क्रमांक शोधते आहे. तो तिकिटावरून कळला असता, पण ते शून्याचे तिकीट अब्बांनी पाकिटात जपून ठेवले आहे आणि कोणाच्याही हातात द्यायला ते तयार नाहीत.

आपली कृतज्ञ,
खेड तालुक्यातील एक प्रवासी