शर्यत एक, बातमी दुसरीच

पुणे,
१५ फेब्रुवारी २०२६

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीच्या बातम्यांवरून मी फोनवर जे तोंडसुख घेतले, ते तुला चांगलेच लागलेले दिसते. ‘छापले नाही तर उपेक्षा, छापले तर अज्ञान, तुम्हा सायकलवाल्यांना नक्की हवे तरी काय?’ असे तू विचारले आहेस. अर्धे आयुष्य क्रीडा पान लावण्यात घालवलेल्या माणसाने इतक्या सरळपणे विचारल्यावर उत्तरही सविस्तर द्यायला हवे, म्हणून आज निवांत लिहायला बसलो आहे.

जागेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती यांतून जे रकाने उरतात, त्यांत सायकलच्या वाट्याला किती येणार हे मला समजते. माझा राग आहे तो मिळालेल्या जागेत जे छापले जाते त्यावर. आणि यात मराठी वृत्तपत्रे एकटी नाहीत, एवढे समाधान तू खुशाल मानून घे.

मुळात ही सगळी भानगड वाऱ्याची आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून जाणाऱ्याला त्याच वेगासाठी पुष्कळ कमी जोर लावावा लागतो. आइंडहोवेनचे प्राध्यापक बेर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य घोळक्याचा, अभ्यास केला, तेव्हा गर्दीच्या पोटात, मागच्या बाजूला बसलेल्या स्वाराला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत जेमतेम पाच ते दहा टक्के विरोध सोसावा लागतो, असे त्यांना आढळले. रस्त्यावरच्या शर्यतीचे सगळे राजकारण यातूनच निघते. पुढे राहून दुसऱ्यांसाठी कोणी झिजायचे, हा एकच प्रश्न पाच-सहा तास चालू असतो. एका संघातले सात जण आठव्यासाठी दिवसभर वाऱ्याला तोंड देतात, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन संघ तासभर भागीदारी करून शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ती मोडतात. ही देवघेव ज्याला दिसत नाही, त्याला फक्त शेवटचे दोनशे मीटर दिसतात. मग पहिला कोण, दुसरा कोण आणि वेळ किती लागला, एवढ्यावर त्याची बातमी संपते.

लंडनचे उदाहरण घे. २२ जुलै २०१२ रोजी ब्रॅडली विगिन्सने टूर द फ्रान्स जिंकली, त्याच दिवशी मार्क कॅव्हेंडिशने पॅरिसमधला शेवटचा टप्पा मारला आणि बरोबर सहा दिवसांनी ऑलिम्पिकची रोड रेस होती. यजमानांचे पहिल्या दिवसाचे सुवर्णपदक बहुतेकांनी कॅव्हेंडिशच्या नावावर आधीच लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात तो चाळीस सेकंद मागे, एकोणतिसावा आला, कझाकस्तानचा अलेक्झांडर विनोकुरोव्ह जिंकला, आणि मग ‘हुकलेले सुवर्ण’ या थाटाचे मथळे सुरू झाले. आता हिशेब पाहा. टूरमध्ये तेव्हा एका संघात नऊ जण असत; ऑलिम्पिकमध्ये मोठ्यात मोठ्या देशालाही पाचच, आणि संघाच्या गाडीतून सूचना ऐकायला कानात रेडिओ नाही. अंतर २५० किलोमीटर, त्यात बॉक्स हिलच्या नऊ फेऱ्या. कॅव्हेंडिश शेवटपर्यंत पुढच्या गटात टिकला तर स्प्रिंटमध्ये त्याच्यापुढे कोणाची डाळ शिजणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग निसटलेल्या गटाचा पाठलाग करायला ब्रिटनच्या मदतीला कोण येणार? ऑस्ट्रेलियाचा स्टुअर्ट ओ’ग्रेडी तर त्या पुढच्या गटातच होता, त्यामुळे त्यांना घाई करण्याचे कारणच नव्हते. विगिन्स, फ्रूम, मिलर आणि स्टॅनर्ड असे चौघे दिवसभर ओढत राहिले आणि बाकीच्यांनी त्यांना खुशाल ओढू दिले. ही सरळसरळ नाकेबंदी होती, आणि जाणत्या वार्ताहराला तिच्यात केवढे घबाड सापडले असते!

त्याहून मला जास्त सलते ती टोकियोची गोष्ट, कारण ती आपल्याकडेही चवीने छापली गेली. २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या रोड रेसमध्ये ऑस्ट्रियाच्या अ‍ॅना कीझेनहोफरने सुवर्णपदक जिंकले. ती गणिताची डॉक्टरेट घेतलेली संशोधक, तिचा कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता. एवढे मिळाल्यावर वार्ताहरांना आणखी काय हवे? ‘हौशी गणितज्ञाने समीकरणे मांडून व्यावसायिकांना हरवले’, ही कथा दोन तासांत जगभर गेली. आता ही ‘हौशी’ बाई २०१७ मध्ये बेल्जियमच्या व्यावसायिक संघातून शर्यती खेळलेली होती आणि टाइम ट्रायलमध्ये आपल्या देशाची विजेती होती, म्हणजे एकटीने वारा कापत दीर्घकाळ एकाच जोराने जाणे ही तिची खासियतच होती, हे बहुतेक ठिकाणी वगळले गेले. पण खरी कथा तिच्या मागे घडत होती. १३७ किलोमीटरच्या शर्यतीत झेंडा पडताच ती चार जणींसह निसटली, त्यांची आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली, आणि पेलोटॉनमध्ये सगळ्यांनी डच संघाकडे बोट दाखवले. डच चौघींमध्ये मारियान व्हॉस आणि अ‍ॅना व्हॅन डर ब्रेगेन या आधीच्या दोन ऑलिम्पिक विजेत्या होत्या. सर्वांत बलाढ्य संघ तुमचा, तर पाठलागाची मजुरीही तुम्हीच करा, हा पेलोटॉनचा अलिखित न्याय आहे. डच बायकांनी ती मजुरी वेळेवर केली नाही.

शेवटचे चाळीसेक किलोमीटर उरले असताना कीझेनहोफरने उरलेल्या दोन जोडीदारणींनाही मागे टाकले. पुढे अखेरच्या किलोमीटरांमध्ये पेलोटॉनने त्या दोघींना गाठले, आणि आता पुढे कोणी उरले नाही असा समज पसरला. कानात रेडिओ असता तर संघाच्या गाडीतून कोणीतरी ओरडून सांगितले असते. ऑलिम्पिकमध्ये तो नसतो. अ‍ॅनेमीक व्हॅन व्हल्यूटेन एकटी पुढे सरसावली आणि दोन्ही हात वर करून, आपणच जिंकलो या आनंदात तिने रेषा ओलांडली. कीझेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचलेली होती! जगातल्या सर्वोत्तम स्वारांपैकी एक बाई ऑलिम्पिकमध्ये दुसरी येऊन विजयाचा जल्लोष करते, आणि ते का घडले याचे उत्तर संघातील माणसांची संख्या, रेडिओचा अभाव आणि पाठलागाची जबाबदारी या तीन गोष्टींत सापडते. तुमच्या पानांवर मात्र समीकरणे झळकली.

‘पण तुमच्या खेळात सगळेच औषधे घेतात ना?’ असे तू मध्येच एका वाक्यात टोचून गेला आहेस. तो डाग आम्ही कमावलेला आहे, नाकारत नाही. पण यातला इतिहास जरा आठव. १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या उत्तेजक औषधांचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर १९९९ ची टूर शुद्धीकरणाची म्हणून गाजवली गेली, आणि नेमका त्याच वर्षी विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेला. ज्यांना हा खेळ कळत होता त्यांना हा आकडा बोचला. ‘ल मोंद’ने त्याच जुलैमध्ये, त्या विजेत्याच्या, म्हणजे लान्स आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात स्टेरॉइडचे अंश सापडल्याचे छापले, ‘संडे टाइम्स’च्या डेव्हिड वॉल्शने पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि त्याच्या वृत्तपत्राला आर्मस्ट्राँगच्या दाव्यापुढे तडजोड करावी लागली, ‘ल पारिझियां’मध्ये स्तंभ लिहिणारा स्वार क्रिस्तोफ बासोंस याला तर सहकाऱ्यांनी वाळीत टाकल्यामुळे शर्यत सोडावी लागली. बाकीची प्रसारमाध्यमे तेव्हा कर्करोगावर मात केलेल्या नायकाची आरती ओवाळत होती. २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि तीच माध्यमे एका रात्रीत उलटी फिरली. तेव्हा डोळे झाकून विश्वास आणि आता डोळे झाकून संशय. दोन्ही वेळी शर्यत पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

क्रिस फ्रूमचे प्रकरण याच थाटाने हाताळले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हुएल्टा या स्पेनमधल्या शर्यतीच्या एका टप्प्यानंतर त्याच्या लघवीत साल्बुटामॉल मर्यादेपेक्षा अधिक आढळले. हे दम्याचे औषध. इनहेलरने ठरावीक मात्रेपर्यंत ते घ्यायला पूर्ण मुभा आहे, आणि मर्यादा ओलांडलेली दिसली तर स्वाराला स्पष्टीकरण देण्याचा हक्क नियमातच आहे. डिसेंबरमध्ये बातमी फुटली आणि मथळ्यांमध्ये तो थेट ‘उत्तेजक चाचणीत दोषी’ झाला. जुलै २०१८ मध्ये प्रकरण बंद झाले. तो निर्दोष होता की त्याच्या वकिलांची फौज मोठी होती, यावर सायकलवाल्यांमध्ये आजही वाद आहेत आणि माझेही मन पूर्ण स्वच्छ नाही; पण त्या वादासाठी निदान इनहेलर आणि ईपीओ हे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे बंदी असलेले औषध यांतला फरक माहीत असावा लागतो.

अपघातांबद्दल फार लिहीत नाही. २०२१ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी फलक घेऊन रस्त्यात वाकलेल्या बाईमुळे पेलोटॉन कोसळला, ती चित्रफीत तुमच्या संकेतस्थळावरही होती. त्या दिवशीचा टप्पा ज्युलियन अलाफिलिपने जिंकला, हे तुमच्या किती वाचकांना कळले?

आता पुण्याकडे येतो. जानेवारीतली ग्रँड टूर यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या, २.२ दर्जाची होती. यातला पहिला आकडा शर्यत अनेक दिवसांची आहे हे सांगतो आणि दुसरा तिची श्रेणी. टूर द फ्रान्स ज्या वर्ल्ड टूरमध्ये मोडते, तिच्याखाली प्रो, मग १ आणि मग २ अशी उतरंड आहे. म्हणजे ‘भारताची टूर द फ्रान्स’ हे वर्णन कौतुकाने केले तरी चुकीचेच. तरीही या शर्यतीचे मोल मोठे आहे, कारण आपल्या मुलांना यूसीआयचे गुण घरच्या रस्त्यावर मिळवण्याची संधी मिळाली. हे वाचकाला सांगायला चार ओळी पुरल्या असत्या. मला मात्र कोणता रस्ता किती वाजेपर्यंत बंद आणि कुठले खड्डे बुजवले, हेच रोज वाचायला मिळाले. एका शेजाऱ्यांनी मला विचारले की दहा-वीस जणांची वेळ सेकंदापर्यंत सारखी कशी, घड्याळ बिघडले होते का? एकत्र पोचलेल्या गटातल्या सर्वांना एकच वेळ देतात, आणि म्हणून अशा शर्यतीत टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना मिळणारी एकूण वेळेतली दहा, सहा आणि चार सेकंदांची सूट कळीची ठरते, हे मी त्यांना जिन्यात उभे राहून समजावले. वास्तविक ते काम तुमच्या वार्ताहराचे.

राहिली आमची बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर; तिलाच ब्रेव्हे म्हणतात. तालुक्यातले एखादे डॉक्टर ६०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करतात आणि जिल्हा आवृत्तीत हमखास येते: ‘आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धेत डॉक्टरांची बाजी’. बाबा रे, तिथे बाजी मारायला कोणी नसतेच. ६०० किलोमीटरला चाळीस तास मिळतात, त्या मुदतीत जो पोचला तो उत्तीर्ण. क्रमांक लावत नाहीत, आणि फार लवकर पोचलास तर वाटेतले हजेरीचे नियंत्रण ठिकाण उघडेपर्यंत थांबावे लागते. पदकसुद्धा हवे असल्यास पैसे भरून मागवायचे. आपण तिथून गेलो याचा पुरावा म्हणून रात्री तीन वाजता महामार्गावरच्या एटीएममधून शंभर रुपये काढायचे, पावतीवरची वेळ वाचता येते ना ते बॅटरीच्या उजेडात पाहायचे, घामाने अक्षरे उडू नयेत म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत ब्रेव्हे कार्डाशेजारी सरकवायची आणि पुढच्या ढाब्यावर अर्धा तास टेबलावर डोके टेकायचे, अशी ती रात्र असते. यात बातमी भरपूर आहे. पण ‘बाजी’ छापून आली, हारतुरे झाले की पुढच्या वर्षी गावातली चार तरुण पोरे डॉक्टरांचा ‘विक्रम’ मोडायला निघतात, झोप टाळतात आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी पहाटे घाट उतरतात. माझी सर्वांत जास्त चिडचिड इथे होते.

रात्री अकराला पान सोडायचे असते, वृत्तसंस्थेचा मजकूर कापून दीडशे शब्दांत बसवायचा असतो, हे तूच मला अनेकदा ऐकवले आहेस. त्या दीडशे शब्दांतही शर्यत नेमकी कुठे फुटली आणि तेव्हा पाठलाग कोणी करायला हवा होता, एवढे एक वाक्य बसते. तुमच्याकडे नव्याने आलेल्या त्या मुलाला सायकलची आवड आहे असे तू लिहिले आहेस. त्याला माझा नंबर दे, रात्री कितीही वाजता फोन केला तरी चालेल.

आणि एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तू इकडेच ये. त्या दिवशी पॅरिस–रुबे ही फ्रान्समधली दगडी रस्त्यांची शर्यत आहे, आपल्याकडे संध्याकाळी दिसते. आरेनबर्गच्या जंगलातला दगडी रस्ता संपला की शर्यतीचे अजून नव्वदेक किलोमीटर बाकी असतात. तेव्हा पुढे कोण आहे ते पाहू नकोस, प्रत्येक मातब्बराजवळ त्याचे किती सोबती उरले आहेत ते मोज. पिठले-भाकरी करायला हिला सांगून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
सुहास