काशीला कधी जायचं हे जरा नीट सांगा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत काशीयात्रेवर लेख आला की खाली एका चौकटीत 'उत्तम काळ : ऑक्टोबर ते मार्च' एवढंच छापलेलं असतं. त्यावर विसंबून लोक बुकिंग करतात हो, आणि जाणाऱ्यांत निम्मे तरी सत्तरीच्या पुढचे असतात, म्हणून हे पत्र. या सहा महिन्यांत दर महिन्याची काशी वेगळी असते.

डिसेंबरचा शेवट आणि अख्खा जानेवारी घ्या. नाताळची सुट्टी म्हणून टूरवाले याच दिवसांत सगळ्यात जास्त माणसं नेतात. पण गंगेच्या मैदानात तेव्हा वारा पडलेला, हवेत ओल आणि रात्री कडाक्याची थंडी, त्यामुळे धुकं असं दाटतं की कधीकधी सकाळी दहा-अकरापर्यंत हटत नाही. बाबतपूरची, म्हणजे काशीच्या विमानतळावरची, विमानं रखडतात, रेल्वे स्वतःच त्या काळात काही गाड्या रद्द करते आणि ज्या धावतात त्या तासन्‌तास लेट. मागच्या जानेवारीत माझ्या आईच्या ग्रुपची परतीची गाडी रात्रभर आलीच नाही, सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी प्लॅटफॉर्मवर पेपर अंथरून रात्र काढली आणि टूरवाल्याचा फोन बंद. बरं, काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत, नदीपलीकडून उगवणारा सूर्य बघायला म्हणून तर लोक पहाटे नावेत बसतात, आणि धुक्यात समोरची नावसुद्धा दिसत नाही!

दुसरं टोक ऑक्टोबरचं. पावसाळ्यात गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जाताच येत नाही, नावा बंद होतात, दशाश्वमेधची आरती गच्चीवर करावी लागते. हे पाणी उतरलं तरी पायऱ्यांवर गाळ राहतो, कंबरभर उंचीचासुद्धा, आणि पंप लावून पाण्याच्या फवाऱ्याने तो परत नदीत ढकलायचं काम पुढे बरेच दिवस चालू असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने त्या निसरड्यावरून कसं चालायचं? अस्सीपासून राजघाटापर्यंत, म्हणजे घाटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सलग चालायचं असेल तर कार्तिक लागेपर्यंत तरी थांबावं.

कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी, त्या दिवशी पंचगंगा घाटावरचा तो दगडी हजारा, म्हणजे हजार दिव्यांची दीपमाळ, पेटतो, सगळे घाट पणत्यांनी उजळतात, बघण्यासारखंच असतं, पण गर्दी आणि नावेचे, हॉटेलचे भाव पेलणाऱ्यांनीच जावं. माझं ठाम मत असं की देवदिवाळी उलटली की दोन-तीन दिवसांनी पोचावं, तिथून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सोन्यासारखा. ऊन कोवळं, पायऱ्या कोरड्या, गर्दी ओसरलेली, आणि चौखंब्याच्या गल्लीत कुल्हडातली मलइयो मिळायला लागलेली असते. दुधाचा तो केशरी फेस फक्त थंडीतच मिळतो, ऊन चढलं की बसतो, म्हणून सकाळीच खायचा. निवांत वेळ असला की ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडची आपल्या मराठी लोकांची जुनी वस्तीही बघून होते, अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास बांधलेल्या विश्वनाथाच्या देवळातही जरा शांतपणे उभं राहता येतं.

हे जमलं नाही तर महाशिवरात्र होऊन गेल्यावर रंगभरी एकादशीच्या (होळीआधीची फाल्गुन शुद्ध एकादशी) आतले दहा-बारा दिवस धरावेत. तेव्हा धुकं गेलेलं असतं आणि उन्हाळा अजून यायचा असतो. एकादशीपासून मात्र होळीचा दंगा सुरू होतो, म्हाताऱ्यांना झेपत नाही.

मे महिन्याबद्दल तर काय बोलावं, पारा 44-45 ला, वरून लू म्हणजे भाजून काढणारा वारा, आणि देवळात अनवाणी रांगेत तापलेल्या फरशीवर उभं राहायचं. तरी शाळेच्या सुट्ट्या म्हणून आजी-आजोबांना तेव्हाच नेतात. मुलांना काशी नंतरही दाखवता येईल, आजोबांची तब्येत बघून तारीख ठरवा ना.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी चौकटीत महिन्यांऐवजी या तिथ्या छापा, आणि वेळेत छापा. रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे देवदिवाळीनंतर जायचं असेल त्यांना गणपती-नवरात्राच्या सुमारासच हे कळायला हवं.

आपला एक नियमित वाचक, ठाणे